मुक्या गाडीचा हॉर्न

पेण,
रविवार, १२ जानेवारी २०२५

सरू,

आधी आली ती गल्लीतली पिंकी. तिला कोणी बोलावलंच नव्हतं, पण गाडीवरचं कापड काढायच्या आधीच ती मोबाईल धरून अंगणात उभी. तिच्यामागनं प्रणित आला, मग वडखळचा वायरमन, आणि सगळ्यात शेवटी आमचा हर्षद. गाडी कोणाची, घाई कोणाला! मी म्हटलं, "या नवरदेव, वऱ्हाड कधीचं येऊन बसलंय." नातू असला म्हणून काय झालं, बोलायचं तिथं मी बोलते.

आता तू म्हणशील कुठली गाडी. अगो आपली टॅक्सीची फियाट! ह्यांची. हे जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून पडवीत कापडाखाली होती, कोंबड्या आत अंडी घालायच्या. हर्षदनं मनावर घेतलं. कंपनीत शिफ्ट करून आला की गाडीखाली शिरतो, पाय तेवढे बाहेर दिसतात, जेवायला मी पायाला हाक मारते. त्याचा दोस्त प्रणित गणपतीच्या कारखान्यात कामाला हाय, माघी गणपती तोंडावर आलेत तरी रविवारचा वेळ काढून त्यानं रंग मारून दिला. पिवळा, असा की हळदीला बसवलीय. मी म्हटलं, "अरे, ही गाडी हाय का गौर?" तर म्हणतो, "आजी, गणपतीच करणार होतो, सोंड तेवढी राहिली."

फोनवर तुला काय ऐकू येत नाय म्हणून हा कागद. शेजारची ऋतुजा रोज रोह्याला कामाला जाते, वाटेतच तुझं वरसे, तिच्या हाती देतेय. मी चौथीतनं सुटले, तू सातवी शिकलीस, म्हणून माझ्या अक्षराला हसायचं नाय.

तर खरी गंमत पुढंच हाय. वायरमननं जुन्या वायरी सगळ्या ओढून काढल्या. तेव्हाच्या वायरींना वरनं कापड असायचं म्हणे. हात लावला की पापडासारख्या मोडत होत्या, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. दिव्यांचं झालं, मग आला हॉर्नकडं. तुला ठाऊकच हाय, ह्यांची गाडी एवढी वर्षं मुकी. उंदरानं वायर खाल्ली, उंदरानं वायर खाल्ली, जन्मभर हेच ऐकलं मी. वायरमननं आत हात घातला आणि हसायलाच लागला. म्हणतो, "आजी, तुमच्याकडचा उंदीर कात्रीनं जेवतो काय?"

वायर कापलेली, गो! सरळ, एका घावात. आणि दोन्ही टोकांना चिंधी गुंडाळून वर दोरा बांधलेला, बोट कापल्यावर बांधतो तसा. तेलानं काळीकुट्ट झालेली चिंधी. मी ती साबणानं धुतली, दोरीवर टाकली, आणि वाळल्यावर बघते तर काय, जांभळ्यावर पिवळ्या चौकड्या. ही साडी मी विसरेन होय? पेणच्या बाजारात दहा दुकानं फिरून मी घेतली होती, तुझ्या धनेशच्या बारशाला तुला नेसवायला.

आता खरं सांग, तुझी साडी माझ्या नवऱ्याच्या गाडीत कशी आली? मेहुणीचे लाड चालले होते वाटतं माझ्या पाठीमागं! आता ते नाहीत, तू एकटीच सापडलीस, तूच उत्तर दे.

धनेशचं नाव लिहिलं आणि हात जरा थांबला बघ. सहा वर्षांचं पोर. असू दे. उगाच लिहिलं.

नवी वायर पुढच्या आठवड्यात घालणार. मग गाडी घेऊन पहिलं वरशालाच यायचं असं मी ठरवलंय. तुझ्या हैबतरावांना डॉक्टर म्हणाले ना, जुन्या वस्तू दाखवा, जुनी माणसं भेटवा, आठवण जागी होते? मग ह्या गाडीहून जुनं काय दाखवणार! मी सोडून.

तुझी
पुतळी


वरसे,
बुधवार, १५ जानेवारी

बाय,

ऋतुजानं कागद दिला. पोर गुणी हाय, उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि गेली. तिच्याकडं वालाच्या शेंगा दिल्यात, मडक्यात भाजून पोपटी लावा.

चिंधीचं काय घेऊन बसलीस. भावोजींना काच पुसायला दिली असेल मी कधीतरी. आता नाय आठवत.

ह्यांचं तसंच हाय. ह्यांचे ओठ तेवढे मला सवयीनं वाचता येतात. जेवतात आणि हात धुतल्यावर विचारतात, "आज जेवण नाय काय?" परवा नम्रता आली होती सासरहून. पोटची लेक, तिला म्हणाले, "ताई, तुम्ही कोणाच्या?" ती हसली आणि मागीलदारी जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी मी आधीच घासली होती.

गाडी आणायची तर आणा. पोरं येतील, मला बरं वाटेल. पण हॉर्नचं एवढं काय? भावोजींचा जन्म गेला त्याच्यावाचून, तर पोरांचं काय अडलंय. मोठ्या आवाजानं हे दचकतात. राहू दे ते.

थंडीचं गुडघ्यांना तेल लाव.

सरू


पेण,
शनिवार, १८ जानेवारी

सरू,

वाजला गो, वाजला!

काल संध्याकाळी वायरमननं नवी लाल वायर घातली, हर्षद आत बसला, चाकावरची कडी दाबली, आणि पों पों पोंऽऽ! कोंबड्या छपरावर गेल्या. समोरची सीताबाई अर्धी वेणी हातात धरून बाहेर आली, डोळे एवढे मोठे, म्हणते, "पुतळे, काळूदादा आला काय गो?" मी हसायला लागले ती हसायला लागले, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, पदर तोंडाला लावून आत गेले. पिंकीनं तेवढंच नेमकं मोबाईलमध्ये घेतलं. ती कार्टी कशाची सोडते!

आणि हॉर्न कुठला लावला ठाऊक हाय? मी दिलेला. माझा सुजय पाचवीला होता, त्या वर्षी पापड लाटून जमवलेल्या पैशातनं मी ह्यांना दिवाळीला नवाकोरा हॉर्न आणला होता. लोक ह्यांना मुका काळू म्हणायचे ते मला झोंबायचं. रस्त्यात गुरं आडवी आली की हे खिडकीतनं हात काढून दारावर थाप मारायचे, थाप! भर बाजारात! आरटीओच्या पासिंगच्या दिवशी कोणाचा तरी रबरी भोंगा उसना बांधून न्यायचे आणि घरी आले की सोडून ठेवायचे. मी म्हणायची, "चिक्कूपणाची पण हद्द असते. गाडीला तोंड नाय आणि मालकालाही नाय." हे नुसते बघायचे. तर तो हॉर्न, हर्षदला ह्यांच्या पत्र्याच्या पेटीत सापडला, तळाशी. वरचा कागद पण फाडलेला नाय. म्हणजे बघ केवढा चिक्कू माणूस! फुकट मिळालेला हॉर्नसुद्धा वापरून झिजू दिला नाय.

तुझ्या कागदावरनं मला वाटलं, तू रुसलीस. मेहुणीची थट्टा केली म्हणून व्हय? अगो म्हाताऱ्या झालो आपण, आता नाय तर कधी करायची. की मग, मी अंथरुणावर पडल्या पडल्या विचार केला, तुला ऐकू येत नाय म्हणून तुला नको वाटतोय हॉर्न? सगळे ऐकणार आणि तू नुसती तोंडं बघत बसणार. तसं नाय होऊ देणार मी. हॉर्न वाजला की गाडीचं पुढचं झाकण थरथरतं. तू त्याच्यावर हात ठेव. तुझ्या हाताला ऐकू येईल.

तर ठरलं. २६ जानेवारी, रविवार. हर्षद आणि त्याची बहीण सुरभी दोघांना सुट्टी. मी पुढं बसणार. तुमच्या वळणावर आलो की हर्षद तीनदा वाजवणार, त्याचे आजोबा वाजवायचे तसाच. गाडी मुकी व्हायच्या आधीचं मला चांगलं आठवतं. रोह्याला पाशिंजर सोडून परतताना हे वरशाच्या वळणावर तीनदा वाजवायचे आणि तुझं पोर धावत यायचं, मग देवळापर्यंत त्याला एक फेरी. हैबतराव बाकी सगळं विसरले असतील, हे विसरणार नाहीत. आवाज ऐकला की बघ, उठून उभे राहतात की नाय.

मला तर आतापासून झोप नाय. शेंगा गोड होत्या.

पुतळी


वरसे,
मंगळवार, २१ जानेवारी

बाय,

ऋतुजाला सांगितलंय, आधी हा कागद माझ्या बहिणीच्या हातात दे, मग स्वतःच्या घरात पाय ठेव.

हॉर्न वाजवू नका. वळणावर नको, दारात नको, कुठंच नको.

का ते लिहिते. दोनदा लिहून फाडलं.

धनेश गोळेवाल्याकडं धावला म्हणून ट्रकखाली आला, असं तुला सांगितलं होतं. त्या दिवशी गोळेवाला नव्हताच. भावोजी रस्त्याच्या पलीकडं थांबले होते आणि त्यांनी तीनदा वाजवलं. रोजच्यासारखं. ह्यांनी पोराचा हात धरला होता. खळ्यावरनं येत होते दोघं. आवाज ऐकून पोर ओढायला लागलं. हे हसले, म्हणाले, "जा, काका आला." आणि हात सोडला.

मी दारात होते. मी बघितलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावोजी आले. गाडीचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "सरू, तूच काप. माझ्या हातानं होत नाय." मी शिवणाची कात्री आणली आणि कापली. मग ती दोन टोकं तशीच लोंबत राहिली, एकमेकांना लागली तर ठिणगी पडेल असं ते म्हणाले, म्हणून मी पदर फाडून बांधली. अंगावर तीच साडी होती. ठरवून नाय नेसले. हाताला आली ती नेसले होते.

तुला सांगू नको, हे त्यांनीच सांगितलं. तू तेव्हा बाळंतीण. सुजय दोन महिन्यांचा तुझ्या अंगावर. म्हणाले, "पुतळीला कळलं तर तिचं दूध आटेल. पोर उपाशी मरेल. एक गेलं ते पुरे झालं." ते मला पटलं. मग तू बाळंतपणातनं उठलीस, सुजय चालायला लागला, शाळेत गेला. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायचा दिवस निघूनच गेला.

मी भावोजींवर कधी रागावले नाय, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू. चार वर्षं ते आले की मी चहा ठेवायची आणि त्यांच्या तोंडाकडं न बघता आत जायची. ते प्यायचे, कप स्वतः विसळून ठेवायचे आणि जायचे. तरी यायचे. ह्यांनी त्यांना कधी एक शब्द विचारला नाय, कारण हात सोडला तो ह्यांनी. दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसायचे, बोलायचे नाहीत.

बाय, डॉक्टर म्हणतात आठवण जागी करा. हे सगळं विसरले त्यात तो हात सोडल्याचंही विसरलेत. धनेश आठवतो. तो गेला ते आठवत नाय. मला विचारतात कुठाय, मी सांगते खेळायला गेलाय, सांगते मामाकडं गेलाय. सेहेचाळीस वर्षांत हा माणूस इतक्या शांतपणे कधी झोपला नव्हता. आता मी काय ते परत आणून देऊ त्यांच्या हातात?

सरू


पेण,
गुरुवार, २३ जानेवारी

सरू,

ऋतुजा चपलाही न काढता आली. मी ओट्यावर पोपटीची मडकी धूत होते, तिथंच ओल्या हातानं वाचलं. खालच्या दोन ओळी भिजल्या, पण त्या आधीच वाचून झाल्या होत्या.

हर्षदला सांगितलं. सगळं नाय जमलं सांगायला, कागदच दिला. त्यानं वाचला, पाना घेतला आणि अंगणात गेला. आला तेव्हा हातात ती लाल वायर. म्हणाला, "काढली, आजी." एवढंच. आजोबांवर गेलाय.

मला आता एकेक आठवतंय. हॉर्न दिला त्या दिवाळीला त्यांनी पुडा हातात घेतला, बराच वेळ धरला, म्हणाले, "छान हाय." मी म्हटलं, "मग लावा की." ते म्हणाले, "लावतो." आठ दिवसांनी पण लावला नाय म्हणून मी रुसले, त्यांच्याशी बोलले नाय. देवा. आणि मी त्यांना मुका म्हणायची. लोकांनी ठेवलेलं नाव मी घरात घ्यायची, पोरांसमोर, आल्यागेल्यासमोर, हसत हसत. एकदा म्हणाले असते, पुतळी गप्प बस. एकदाच.

दूध माझं आटलं नाय गो. सुजय दोन वर्षांचा होईस्तोवर प्यायला. मी तेव्हा सांगत फिरायची, मला बघा किती दूध हाय. तुझ्याही पुढ्यात म्हणाले असेन. म्हणालेच असेन, मला मी ठाऊक हाय.

ती चिंधी मी साबणानं धुतली, सरू. हसत हसत धुतली.

पोरं रविवारी येतील. हैबतरावांना गाडीत बसू दे, नुसतं बसू दे. मी येत नाय. माझे गुडघे धरलेत असं मी पोरांना सांगितलंय. गुडघे बरे हायत.

तुझ्यासमोर येऊन मी काय बोलणार? आणि न बोलता मला बसता येत नाय, ते तुला ठाऊक हाय.

पुतळी


वरसे,
सोमवार, २७ जानेवारी

बाय,

आली होती दोघं. अकराच्या सुमाराला. सुरभी आधी उतरली, मग हर्षद. हर्षदनं गाडी वळणाच्या अलीकडंच थांबवली आणि सुरभी पुढं चालत येऊन सांगून गेली, मग त्यानं हळूच दारात आणली. असं वागायला त्याला कोणी सांगितलं? तू सांगितलं असशील.

रंग छान दिलाय. उन्हात डोळे दिपतात.

हे ओट्यावर बसले होते. गाडी बघितली आणि काठी न घेता उठले. मी धरायला गेले तर हात झटकला. गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकाला पायानं टोकलं, जसे पूर्वी टोकायचे, आणि दार उघडून थेट चालवायच्या जागेवर बसले. हर्षद बाजूला बसला. मी खिडकीशी उभी.

मग ह्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले आणि मधली कडी दाबली.

बाय, मला आता कशाचंच ऐकू येत नाय. ढोल वाजला तरी कळत नाय. तरी मी कान झाकले.

एकदा दाबली, परत दाबली, परत. तीनदा. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं तर हे घराच्या दाराकडं बघत होते. हर्षदनं माझ्याकडं बघून मान हलवली, नाय वाजला म्हणून. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. तोंड त्याच्याकडं होतं, ओठ मला दिसले नाहीत. नंतर मी हर्षदला पाटी दिली, त्यानं त्यावर लिहून दिलं. ते म्हणाले, "राहू दे काळू. नको वाजवूस. पोर आत्ताच निजलंय."

हर्षदला त्यांनी भावोजी समजलं. आणि भावोजींच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवलेला मी त्या दिवसानंतर कधीच बघितला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाय. भावोजी असते तर त्यांना मिळालं असतं ते. नातवाला मिळालं. पोर रडलं, गाडीतच, मान खाली घालून. हे त्याला थोपटत होते.

मग उतरले, सावकाश घरात गेले, आणि मला हातानं खूण केली, आवाज करू नका. आम्ही तिघांनी ओट्यावर बसून हळू हळू भाकरी खाल्ली. मी तर हळूच खाते, पण ती पोरंही चमचा वाजू न देता जेवली.

तू काय बोलणार म्हणून विचारतेस. तू काय बोललीस तरी मला ऐकू येणार नाय, बाय. मग घाबरतेस कशाला? ये आणि बोल. रड, शिव्या दे, थट्टा कर. मला तुझं तोंड हललेलं बघायचंय. दोन वर्षं झाली तुला बघून.

आणि दुधाचं. होय, म्हणाली होतीस माझ्या पुढ्यात. मी त्याच दिवशी सुजयला मांडीवर घेतला होता. बरं वाटलं होतं मला. हे तुला कधीच सांगितलं नव्हतं.

पोरांना तुझ्या गुडघ्यांबद्दल मी काही विचारलं नाय. निघताना सुरभी माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं काहीतरी बोलली, मला कळलं नाय. मग तिनं माझा हात उघडला आणि तळव्यावर बोटानं एकेक अक्षर काढलं. शनिवारी माघी गणपती, त्या दिवशी नाय जमत. आजीला घेऊन रविवारी येतो, दोन तारखेला.

सरू